अर्धं जनावर घरी आणताना: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की आम्ही तीन घरं मिळून दर ऑक्टोबरला टेक्ससमधल्या ह्यूस्टनच्या पश्चिमेकडच्या, गुरं पाळणाऱ्या एका रँचवरून थेट बीफ घेतो आणि वर्षभर फ्रीझरमधून काढून खातो. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक वसई, गोवा आणि कोकणातून इकडे आलेल्या लोकांची आहेत, म्हणजे ज्यांच्या घरी मोठ्याचं मटण आधीपासून शिजतं अशांची, पण शेवटी एक बोकडाचाही प्रश्न घेतलाय, कारण नियम तेच आहेत आणि ज्यांच्या घरी बीफ चालत नाही त्यांनाही ते कामाला येतील. जागा पुरेल तेवढे प्रश्न या वेळी घेते.

प्रश्न: ताई, आम्ही वसईचे, आता ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. रँचवाल्याने साडेचार डॉलर पाउंड सांगितलं होतं. अर्ध्या जनावराचे सगळे मिळून २,१६९ डॉलर दिले आणि घरी आलं फक्त २३० पाउंड मटण. हिशोब केला तर पाउंडाला नऊ डॉलरच्या वर जातंय. आम्हाला फसवलं का? मिस्टर म्हणतात भांडायला जाऊया.

उत्तर: भांडायला जाऊ नका, आधी माझं ऐका. तुम्ही पत्रासोबत जो बिलाचा फोटो पाठवलाय तो मी नीट बघितला आणि त्यात काही खोट दिसत नाही, फक्त तुम्हाला आधी कोणी समजावून सांगितलं नाही, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटलं.

एकाच जनावराची तीन वजनं असतात. पहिलं जिवंत वजन, तुमचा गोऱ्हा साधारण १,२०० पाउंडांचा होता. दुसरं हँगिंग वेट, म्हणजे कापल्यावर डोकं, कातडं, खूर, आतडी वगैरे काढून जे धड हुकला टांगतात त्याचं वजन, ते जिवंत वजनाच्या साधारण ६० ते ६२ टक्के भरतं. तुमचं पूर्ण धड ७४० पाउंड, म्हणून अर्धं ३७०. आणि तिसरं वजन जे पाकिटांत बांधून तुमच्या हातात येतं. टांगून ठेवल्यावर दहा-चौदा दिवसांत पाणी उडतं, मग हाडं निघतात, जादा चरबी निघते, त्यामुळे हँगिंग वेटच्या साधारण ६० ते ७० टक्केच घरी येतं. ३७० मधून २३० म्हणजे ६२ टक्के, आणि तुम्ही जवळपास सगळं बोनलेस घेतलंय, त्या मानाने हे अगदी बरोबर आहे.

आता पैसे. साडेचार डॉलर हा दर हँगिंग वेटवर होता, म्हणजे ३७० गुणिले साडेचार, १,६६५ डॉलर रँचवाल्याचे. कापणाऱ्या खाटकाचे वेगळे, तुमच्या बिलात पाउंडाला १ डॉलर २० सेंट आणि तेही हँगिंग वेटवरच, म्हणजे ४४४. शिवाय किल फी, म्हणजे जनावर मारण्याचे, १२०, त्यातली अर्धी तुमची, ६०. झाले २,१६९. म्हणजे तुमचं मटण घरपोच ९ डॉलर ४३ सेंट पाउंड पडलं. पण हा एकच दर खिम्यालाही आणि अंडरकटलाही (पाठीकडचा सगळ्यात मऊ भाग), हे लक्षात घ्या. दुकानात खिमा याहून स्वस्त मिळेल, अंडरकट आणि रिबआय मात्र या भावात मिळणार नाही. ज्यांच्या घरी फक्त खिमाच खाल्ला जातो त्यांनी अर्धं जनावर घेऊच नये, असं मी स्पष्ट सांगते.

पुढच्या वेळी फोनवर पहिलाच प्रश्न हा विचारा, की दर कुठल्या वजनावर आहे, जिवंत, हँगिंग की पाकिटाच्या, आणि कापणावळ त्यात धरलीय का. दोन रँचची तुलना करायची तर दोघांनाही घरी येणाऱ्या पाउंडावर आणा, नाहीतर एक स्वस्त आणि दुसरा महाग वाटतो आणि असतं उलटंच. आणि हँगिंग वेटची चिठ्ठी मागून घ्या, खाटीक ती देतोच.

प्रश्न: मी मडगावची, आता ऑस्टिनला. पहिल्यांदाच पाव जनावर बुक केलंय आणि खाटकाने कट शीट नावाचा एक फॉर्म पाठवलाय, त्यात चक, राउंड, सरलॉइन, स्टेक किती इंच, रोस्ट किती पाउंडाचा असं काय काय विचारलंय. मला त्यातलं निम्मं कळत नाही. मला घरच्यासारखं रोस्ट, चिली फ्राय आणि सणाला सॉल्टेड टंग, म्हणजे मिठातली जीभ, करायचं आहे. "स्टँडर्ड" असा एक चौकोन आहे त्यावर टिक करून मोकळी होऊ का?

उत्तर: नको गं बाई, तो चौकोन सोडून दे! मी अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा हेच केलं होतं, फॉर्म कळेना म्हणून स्टँडर्डवर टिक केली आणि घरी आल्यावर बघते तर शंभराच्या वर पाउंडाच्या खिम्याच्या नळकांड्या, चार मोठे रोस्ट, थोडे स्टेक, बस. एक हाड नाही, जीभ नाही, शेपटी नाही, कलेजी नाही. नळी तर त्यांनी खिम्यात घातली होती. मी फोन केला तर म्हणाले तुम्ही मागितलं नाही म्हणून टाकून दिलं. माझी आई ज्या गोष्टीसाठी पहाटे बाजारात जायची त्या सगळ्या टाकून दिल्या, आणि पैसे मी त्यांच्या वजनासकट भरले होते. त्या दिवशी मी फार रडले, म्हणून हे उत्तर थोडं लांब होणार आहे.

कट शीट म्हणजे अमेरिकन स्वयंपाकघर धरून केलेली यादी आहे. आपलं स्वयंपाकघर वेगळं आहे, ते तिथं आपणच लिहायचं असतं. आपल्याकडच्या मटणाच्या दुकानातले शब्द मनात धरलेस तर सोपं जाईल. चक म्हणजे गर्दन आणि खांद्याकडचा भाग. ब्रिस्केट म्हणजे सीना. रिब आणि शॉर्ट रिब म्हणजे चापांकडचं. राउंड म्हणजे पुठ्ठा आणि मांडी. शँक म्हणजे नळी. आणि टेंडरलॉइन म्हणजे आपलं अंडरकट.

चक हा सगळ्यात मोठा भाग असतो आणि आपल्या रश्श्याला सगळ्यात चांगला, कारण त्यात चरबी आणि शिरा असतात त्या हळूहळू शिजून विरघळतात. अर्ध्या चकचे तीन-तीन पाउंडांचे रोस्ट माग, अर्ध्याचं स्ट्यू मीट माग, इंचभराचे तुकडे. हाडासकट तुकडे हवे असतील तर वेगळं लिहावं लागतं आणि फोन करून सांगावंही लागतं, कारण त्यांना ती सवय नसते, काही जण नाही म्हणतात, काही जण पाउंडामागे थोडे जास्त घेतात. मी जास्त देते आणि घेते.

तुझ्या गोवन रोस्टसाठी राउंडमधला "आय ऑफ राउंड" अख्खा ठेवायला सांग, लांबट गोल असतो, कापल्यावर चकत्या सुंदर पडतात. टॉप राउंडचं मात्र रोस्ट करू नकोस, कोरडं होतं. त्याच्या पातळ चकत्या माग आणि टेक्ससमधल्या खाटकाला "मिलानेसा" हा शब्द सांग, मेक्सिकन लोक तसंच घेतात म्हणून तो त्यांना लगेच कळतो, आणि त्याच चकत्या उभ्या चिरून तुझी चिली फ्राय होईल.

स्टेकमध्ये एक गोष्ट नीट समजून घे. अंडरकट आणि न्यूयॉर्क स्ट्रिप हे दोन भाग हाडाच्या दोन बाजूंना असतात. हाडासकट आडवे कापले तर टी-बोन आणि पोर्टरहाउस होतात, मग अंडरकट वेगळं मिळत नाही. अंडरकट अख्खं हवं तर टी-बोन विसरायचं. दोन्ही नाही मिळत. घरी पाहुण्यांना कटलेट किंवा स्टेक करून वाढायची सवय असेल तर अंडरकट अख्खं ठेव.

खिमा नुसता "ग्राउंड" लिहिलास तर फार बारीक येतो आणि शिजल्यावर त्याचा लगदा होतो. इथं "चिली ग्राइंड" म्हणून जाड दळण मिळतं, टेक्ससच्या चिली नावाच्या खिम्याच्या रश्श्यासाठी करतात, आपला खिमा पाव त्याच्यातच दाणेदार लागतो. पोटॅटो चॉपला आणि कबाबाला बारीक. मी एक तृतीयांश जाड आणि बाकी बारीक घेते, सगळं एक पाउंडाच्या पाकिटात, दोन पाउंडांच्या पाकिटात बांधलं की अर्धं उरतं आणि वाया जातं.

आता जीभ. एका जनावराला जीभ एकच, शेपटी एकच, कलेजी एकच, आणि तू पाव घेतेयस म्हणजे आणखी तीन वाटेकरी असू शकतात. आजच रँचवाल्याला फोन कर आणि म्हण की जीभ मला हवी. खरं सांगते, बहुतेक वेळा बाकी तिघांना ती नकोच असते आणि रँचवाला आनंदाने देतो, कधीकधी दुसऱ्याच्या जनावराचीही मिळते, पण कापायच्या आधी सांगितलं तर. कापण्याच्या दिवसानंतर काहीच होत नाही. वजडीची मात्र आशा ठेवू नकोस, लहान खाटकाकडे ती साफ करायची सोय बहुधा नसते.

आणि पाव घेताना "मिक्स्ड क्वार्टर" आहे का विचार. मिक्स्ड म्हणजे पुढचं-मागचं सगळं थोडं थोडं. नुसतं फ्रंट क्वार्टर घेतलंस तर चक, रिबआय, सीना येतं पण अंडरकट आणि आय ऑफ राउंड येणार नाही, आणि मग तुझ्या रोस्टचं काय.

प्रश्न: अस्सलाम अलैकुम ताई. आम्ही चिपळूणकडचे, डॅलसजवळ राहतो. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रँचवरून घेतलेलं हलाल कसं करून घ्यायचं? आणि बकरी ईदला सात जणांनी मिळून एक मोठं जनावर घ्यायचं म्हणतोय, इथं कायद्याने चालतं का?

उत्तर: वालेकुम अस्सलाम. चालतं, आणि बरीच कुटुंबं करतात. अमेरिकेचा जनावर कापण्याबाबतचा १९५८चा कायदा धार्मिक पद्धतीची कत्तल मान्य करतो, त्यामुळे प्रश्न कायद्याचा नाही, खाटकाच्या तयारीचा आहे. रँचवाला स्वतः कापत नाही, तो जनावर खाटकाकडे पाठवतो, म्हणून रँच ठरवण्याआधी खाटीक ठरवा. त्याला थेट विचारा, तुमचा माणूस येऊन आपल्या हाताने जबह करू शकतो का, त्याआधी जनावराला बेशुद्ध करणार का, आणि तिथं डुक्कर कापतात का, कापत असतील तर वेगळ्या दिवशी का. गावाकडच्या बऱ्याच लहान खाटीकखान्यांत आठवड्यात दोन्ही होतात. ज्याला याची सवय आहे तो पाचच मिनिटांत नीट उत्तरं देतो, जो अडखळतो त्याच्याकडे जाऊ नका.

कुर्बानीसाठी वयाचं बघा, कारण इथं गोची होते. तुम्हाला दोन वर्षं पूर्ण झालेलं जनावर लागतं आणि इकडे धान्यावर वाढवलेली गुरं बऱ्याचदा त्याआधीच कापतात. म्हणून आधीच सांगून ठेवायचं, चोवीस महिने पूर्ण झालेलं हवं, पण तीस महिन्यांच्या आतलं असेल तर बरं. तीस का, तर २००३च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मॅड काऊ या गुरांच्या मेंदूच्या रोगाचं पहिलं जनावर सापडलं, त्यानंतर २००४ पासून नियम आला की तीस महिन्यांवरच्या जनावराचा मेंदू, मणका वगैरे खाण्यात जाऊ द्यायचा नाही. म्हणजे भेजाही गेला आणि मणक्याच्या हाडासकट कापतात तो टी-बोनही. चोवीस ते तीस हा सहा महिन्यांचा मेळ बसवायचा तर रँचवाल्याला ईदच्या खूप आधी गाठायला हवं, आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते हे त्याच्या डोक्यात नसतं, तारीख तुम्हीच लिहून द्या.

सातही जणांची नावं मालक म्हणून कापायच्या आधी नोंदवा. याचं कारण पुढच्या एका उत्तरात आहे.

प्रश्न: आम्ही दोघंच, टाउनहोममध्ये राहतो, फ्रीजच्या वरचा फ्रीझर सोडून दुसरा नाही. किती मोठा घ्यावा, आणि लाईट गेली तर सगळं गेलं ना?

उत्तर: एक घनफूट जागेत ३५ ते ४० पाउंड मटण बसतं. पावासाठी साडेचार-पाच घनफूट, अर्ध्यासाठी आठ ते दहा. दोघंच असाल तर पाव घ्या, तेही दुसऱ्या घराबरोबर वाटून. चेस्ट फ्रीझर घ्या, झाकण वर उघडत असल्यामुळे थंडी आत राहते, आणि गॅरेजमध्ये ठेवणार असाल तर ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात चालेल असा गॅरेजसाठीचाच मॉडेल विचारून घ्या. मटण आणायच्या दोन दिवस आधी चालू करा आणि काटा शून्य फॅरनहाइटवर आलाय बघा.

लाईटचं म्हणाल तर आम्ही दोन्ही बघितलंय, फेब्रुवारी २०२१ची थंडीची लाट आणि जुलै २०२४चं बेरिल वादळ. बेरिलमध्ये तर ह्यूस्टनमध्ये लाखो घरांची लाईट गेली, काहींची आठवडाभर आली नाही. भरलेला फ्रीझर झाकण न उघडता साधारण ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४. म्हणून मटण कमी होत गेलं की मी रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवते, बर्फ होतो, फ्रीझर भरलेला राहतो आणि वेळ पडली तर प्यायलाही पाणी. आतलं कडक असेल किंवा बर्फाचे कण दिसत असतील तर परत गोठवलं तरी चालतं. मऊ होऊन ४० डिग्री फॅरनहाइटच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं असेल तर फेकून द्यायचं, कितीही जीव तुटला तरी. बेरिलच्या वेळी शेजारच्या तीन घरांनी आपापलं मटण काढलं, गॅसच्या शेगड्या अंगणात मांडल्या आणि दोन दिवस सगळ्या गल्लीला जेवायला घातलं, वाया गेलं नाही.

प्रश्न: ग्रास-फेड घ्यावं का? जिममधले सगळे तेच म्हणतात. रँचवाला म्हणतो त्याचं "ग्रास-फेड, ग्रेन-फिनिश्ड" आहे. म्हणजे नक्की काय?

उत्तर: जवळपास सगळीच गुरं आयुष्याचा बराचसा काळ गवतावरच असतात, त्यामुळे नुसत्या ग्रास-फेड या शब्दावरून फार काही कळत नाही, आणि सरकारच्या पणन खात्याने या शब्दासाठी केलेली स्वतःची व्याख्याही जानेवारी २०१६ मध्ये मागे घेतली. विचारायचं ते हे, की शेवटचे काही महिने काय खायला घातलं. तुमच्या रँचवाल्याने शेवटी धान्य घातलंय आणि तसं सरळ सांगितलंय, माणूस प्रामाणिक आहे.

धान्यावरच्या मांसात चरबीच्या रेषा जास्त, स्टेक मऊ होतो. शेवटपर्यंत गवतावरचं जास्त मांसल, चव जास्त, चरबी पिवळसर, ती बघून घाबरू नका, गवतातल्या कॅरोटीनमुळे तसा रंग येतो. आपल्या वसईकडच्या बॉटल मसाल्यातल्या रश्श्याला, इंदियालला मला गवतावरचंच आवडतं कारण ते तासन्तास शिजतं आणि मसाल्यापुढे दबत नाही. स्टेक करणार असाल तर ते पटकन चिवट होतं, आच कमी ठेवा. तब्येतीचं म्हणाल तर ओमेगा-३ त्यात थोडं जास्त असतं हे खरं, पण तेवढ्यासाठीच जास्त पैसे देत असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खा, त्यात कितीतरी पटीने जास्त आहे.

प्रश्न: आम्ही अख्खं जनावर घेतलं तर आमच्या मंडळाच्या ख्रिसमसच्या जेवणाला त्यातलं वापरता येईल का? तिकीट लावणार आहोत. आणि जे उरेल ते ओळखीच्यांना विकलं तर?

उत्तर: नाही. दोन्ही नाही. अशा पाकिटांवर "नॉट फॉर सेल" असा शिक्का असतो ना, तो त्यासाठीच. थोडक्यात सांगते. अमेरिकेत मांस विकायचं तर कापताना सरकारी तपासनीस हजर लागतो, हा कायदा १९०६ पासून आहे. पण शेतकऱ्याला स्वतःचं जनावर स्वतःच्या घरासाठी कापून घेता यावं म्हणून त्यात एक सूट ठेवली आहे, तिला कस्टम एक्झेम्प्ट म्हणतात. तुम्ही रँचवाल्याकडून मटण विकत घेत नाही, जिवंत जनावराचा हिस्सा विकत घेता, मालक होता, आणि खाटीक तुमचं जनावर तुमच्यासाठी कापतो. म्हणूनच कापायच्या आधी नावं नोंदवा असं मी वर सांगितलं. असं मांस मालकाने, त्याच्या घरच्यांनी, पैसे न देणाऱ्या पाहुण्यांनी आणि त्याच्या नोकरांनी खायचं, बस. तिकीट लावलं की पाहुणा पैसे देणारा झाला.

मंडळाच्या जेवणाला हवंच असेल तर यूएसडीएची, म्हणजे अमेरिकेच्या शेती खात्याची, तपासणी झालेलं घ्या, पाकिटावर त्यांचा गोल शिक्का असतो. काही रँचवाले दोन्ही ठेवतात, तपासणीवालं थोडं महाग पडतं. टेक्सस राज्याची स्वतःची तपासणीही आहे, ती राज्याच्या आत चालते. आणि मोठ्या जेवणात खिमा असेल तर १६० डिग्री फॅरनहाइटपर्यंत शिजलाय का ते थर्मामीटर घालून बघाच, १९९३ मध्ये कच्चट राहिलेल्या बर्गरमधल्या ई-कोलाय नावाच्या जंतूंनी इथं चार लहान मुलं गेली. दळताना बाहेरचे जंतू आत जातात म्हणून अख्ख्या तुकड्यापेक्षा खिम्याला जास्त जपायचं.

प्रश्न: दर फार वाढलेत. एक वर्ष थांबू का?

उत्तर: मी थांबले नसते. २०२४च्या जानेवारीत अमेरिकेतली एकूण गुरं ८ कोटी ७२ लाख मोजली गेली, १९५१ नंतरचा सगळ्यात कमी आकडा, आणि २०२५ मध्ये तो आणखी खाली गेला. दुष्काळात चारा नसल्यामुळे लोकांनी गायीच विकून टाकल्या. आता कळप परत वाढवायचा तर कालवडी कापायच्या नाहीत, ठेवायच्या, म्हणजे आज बाजारात आणखी कमी माल, आणि त्या कालवडीला वासरू होऊन ते मोठं व्हायला तीन वर्षं तरी जातात. वर २०२५ मध्ये स्क्रूवर्म नावाच्या माशीच्या भीतीने मेक्सिकोतून येणारी वासरंही थांबवली. परवडत नसेल तर अर्ध्याऐवजी पाव घ्या, पण तुमचा रँचवाला सोडू नका. २०२० मध्ये कोविडमुळे मांसाचे मोठे कारखाने बंद पडले तेव्हा लहान खाटकांकडे लोकांनी एवढी गर्दी केली की नव्या माणसाला महिनोन्महिने तारीख मिळेना, आणि आमचा रँचवाला आपणहून फोन करून म्हणाला, तुमचा नंबर मी धरून ठेवलाय. ती ओळख मला दराहून मोठी वाटते.

प्रश्न: आमच्याकडे बीफ खात नाहीत. मी कोल्हापूरचा, सॅन अँटोनियोत असतो. आखाडात चार मित्र मिळून रँचवरून एक बोकड घ्यावा म्हणतोय, दुकानातलं फ्रोझन खाऊन कंटाळलो. तुमची पद्धत त्याला लागू पडते का?

उत्तर: दादा, तुम्ही तर अगदी योग्य जागी राहता. अमेरिकेत सगळ्यात जास्त शेळ्या टेक्ससमध्ये आहेत, तुमच्या वायव्येला हिल कंट्री नावाच्या डोंगराळ भागात घरोघरी बोअर आणि स्पॅनिश जातीचे बोकड दिसतील, आणि सॅन अँजेलोचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार तर देशात नावाजलेला आहे.

पद्धत तीच, तुम्ही चौघं मालक, कापणारा खाटीक, विकायचं नाही. फरक वजनात आहे. बोकडाचं धड जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्केच भरतं, म्हणजे ८० पाउंडांच्या बोकडाचं ३६ ते ४० पाउंड हाडासकट, चौघांत नऊ-दहा पाउंड प्रत्येकी. दर बहुतेक वेळा नगावर किंवा जिवंत वजनावर असतो, ते विचारून घ्या. कापणावळ पाउंडावर नसून एका जनावरामागे ठरलेली असते, त्यामुळे फार लहान बोकड घेतला तर महागात पडतो. खच्ची केलेला मागा, नाहीतर मोठ्या बोकडाला वास येतो. आणि आखाड म्हणजे इकडचा जून-जुलै, उन्हाचा कहर, कूलर, म्हणजे थंड ठेवायची पेटी, आणि बर्फ घेऊनच जा, वाटेत कुठं थांबू नका.

इथं एक सुख आहे, बोकड कापणाऱ्या खाटकांकडे आपल्यासारखीच गिऱ्हाइकं येतात, मेक्सिकन, आफ्रिकन, अरब, त्यामुळे हाडासकट लहान तुकडे म्हटलं की त्यांना समजतं, बीफसारखी समजूत घालावी लागत नाही. तरी मुंडी, पाय, कलेजी आणि गुर्दा हवं हे फोनवरच सांगा, आणि चौघांत मुंडी कोणाची हे जायच्या आधी ठरवून टाका. गर्दन आणि नळ्यांची हाडं वेगळ्या पिशवीत बांधायला सांगा, तुकड्यांत मिसळू देऊ नका. पांढऱ्या रश्श्याचं अळणी काढायला तीच लागतील, आणि ती पिशवी उघडल्यावर तुमच्या घरात कोल्हापूरचा वास सुटेल.